मदत हवी आहे : ई-20 पेट्रोल, कार्बोरेटरची जुनी बाइक आणि पीयूसी

बाइक 2012 ची, कार्बोरेटरवाली. पंपावर आता ई-20 च, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. परवा पीयूसी काढली, तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागच्या वेळच्या निम्मा! पण सकाळी चोक ओढूनही पाच-सहा किका, आणि प्लग काढून पाहिला तर टोक पांढरंफटक.

इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी), हे कळलं. पण त्याने नायट्रोजन ऑक्साइड वाढू शकतात, आणि पीयूसीत पेट्रोल गाडीचे फक्त सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, न जळलेलं इंधन) मोजतात. म्हणजे सर्टिफिकेट झकास, धुराचं मात्र देव जाणे.

कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) एक नंबर मोठा टाकू, की नुसता एअर स्क्रू (हवा कमी-जास्त करणारा) फिरवून भागेल? पेट्रोलचा पाइप फुगून मऊ झालाय, तो बदलतोच आहे. कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.