शब्दचर्चा : महान, दिग्गज, मुरब्बी... हॉकीपटूला कोणता शब्द लावायचा?

परवा घरी जुन्या हॉकीवरून वाद पेटला. पुतण्या म्हणाला, श्रीजेश हा आपला सर्वांत महान गोलकीपर. वडील लगेच म्हणाले, "महान एकटे ध्यानचंद. बाकीचे दिग्गज." म्हणजे त्यांच्या लेखी दिग्गज हा एक पायरी खालचा शब्द. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

दिग्गज म्हणजे दिक् अधिक गज. आठ दिशांना आठ हत्ती उभे आहेत आणि त्यांनी पृथ्वी तोलून धरली आहे, अशी कल्पना. ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक ही त्यांची नावं. यातला प्रत्येक जण आपापली एकच दिशा सांभाळतो, पण तो हलला तर सगळंच डळमळेल. आज क्रीडापानावर कुठल्याही नावाजलेल्या खेळाडूला दिग्गज म्हणतात. मला विचाराल तर हा शब्द आपली जागा न सोडणाऱ्या खेळाडूचा आहे. गोलकीपरचा आणि हाफचा, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मधल्या फळीत खेळणाऱ्याचा.

5 ऑगस्ट 2021 आठवा. टोकियो ऑलिंपिक, जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाची मॅच. आपण 1-3 असे मागे पडलो होतो, तिथून 5-3 अशी आघाडी घेतली, जर्मनीने ती 5-4 वर आणली, आणि शेवटचे सहा सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, आई तर देवघरात जाऊन बसली होती. श्रीजेशने तो अडवला. थोड्या वेळाने तो गोलपोस्टच्या आडव्या दांडीवर चढून बसला. जी चौकट त्याने इतकी वर्षं राखली, तिच्यावरच. दिग्गज या शब्दाचा अर्थ मला कोणाला दाखवायचा असेल तर मी ते दृश्य दाखवीन. पुढे 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं. उरलेली मॅच दहा जणांनी 1-1 अशी रोखली आणि शूटआऊट 4-2 ने जिंकलं. तेव्हाही मागे श्रीजेशच उभा होता. तो निवृत्त झाल्यावर त्याचा 16 नंबर सीनियर संघात पुन्हा कोणाला द्यायचा नाही असं ठरलं. त्याच्या आधीचे शंकर लक्ष्मण तर आपण जवळजवळ विसरलोच. महूचा हा गोलकीपर. 1956 आणि 1964 अशा दोन ऑलिंपिक फायनल आपण पाकिस्तानविरुद्ध 1-0 ने जिंकल्या. दोन्ही वेळा गोल करणाऱ्याचं नाव निघतं. पण समोरच्याचा आकडा शून्यच राहिला, तो कोणामुळे?

लेस्ली क्लॉडियस यांचंही तेच. राइट हाफ. 1948, 1952, 1956 अशी तीन सुवर्णं आणि 1960 चं रौप्य. गोलांच्या यादीत हे नाव वर कुठे दिसायचं नाही.

आता महान. मूळ संस्कृत महत्, म्हणजे मोठं. महत्त्व त्यातूनच आलं. मोठेपणा कशाने मोजायचा? गोलांनी म्हणाल तर 1932 ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेला आपण 24-1 ने हरवलं, त्यात रूपसिंगांचे दहा आणि ध्यानचंदांचे आठ. तरी रूपसिंगांची ओळख 'ध्यानचंदांचे भाऊ' अशीच करून दिली जाते. 1975 च्या विश्वचषक फायनलमध्ये विजयी गोल मारणारे अशोककुमार हे 'ध्यानचंदांचे चिरंजीव'. ज्याच्या मापाने पुढच्या-मागच्या सगळ्यांना मोजलं जातं, तो महान. या अर्थाने वडिलांचं म्हणणं मी मान्य करते. आक्षेप एवढाच की दिग्गज ही त्या महानच्या खालची इयत्ता नव्हे. तो वेगळ्याच कामाचा शब्द आहे.

मुरब्बी हा माझा सर्वांत आवडता शब्द. आपण तो 'मुरलेला, अनुभवी' अशा अर्थाने वापरतो आणि त्याचा मुरण्याशी संबंध असेल असं वाटतं. तो अरबीतून आलाय, आणि तिथे त्याचा अर्थ वाढवणारा, सांभाळून तयार करणारा असा. आपला मुरंबाही ज्या मुरब्ब्यावरून आला तो शब्द याच धातूचा, म्हणजे निगुतीने टिकवलेला. आता बलबीरसिंग सीनियर घ्या. 1952 च्या हेलसिंकी फायनलमध्ये नेदरलँड्सविरुद्ध आपल्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे. 1956 ला ते कर्णधार होते. आणि 1975 ला क्वालालंपूरमध्ये विश्वचषक जिंकला तेव्हा तेच संघाचे व्यवस्थापक. पहिल्या दोन गोष्टींसाठी इतर शब्द पुष्कळ आहेत. तिसरीसाठी मुरब्बीच हवा, आणि तोही मूळ अर्थाने.

(जाता जाता : 'कुशल हॉकीपटू' लिहू नका. पटु म्हणजेच कुशल. 'सर्वश्रेष्ठ' मात्र चालू द्या. श्रेष्ठमध्येच 'सर्वांत' आलंय हे खरं, पण तो आता रुळला आहे.)

मी अडले आहे ती धनराज पिल्लेपाशी. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, ऑलिंपिकचं एकही पदक नाही. त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद :
महानच म्हणायचं, त्यात अडण्यासारखं काय आहे? पदक संघाला मिळतं. सिडनीला 2000 साली पोलंडने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि आपली सेमीफायनल हुकली, तो काय धनराजचा दोष? बँकॉकला 1998 मध्ये एशियाडचं सुवर्ण 32 वर्षांनी आलं, तेव्हा कर्णधार कोण होता? पदकं मोजून महान ठरवायचं तर सुवर्णकाळात जन्मलेले सगळे महान आणि पडत्या काळात संघ ओढणारे सगळे किरकोळ. हा कुठला न्याय?

मूळ लेखिका :
न्यायाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तुमचं वाचल्यावर एक शब्द आठवला, भिस्त. त्या काळात स्पर्धेच्या आदल्या दिवशी 'भारताची भिस्त धनराजवर' हे वाक्य आम्ही ठरल्यासारखं वाचायचो. महान हा मागाहून, निकाल लागल्यावर म्हणायचा शब्द. भिस्त मॅचच्या आधीची. जिंकणार की नाही हे माहीत नसताना सगळे ज्याच्याकडे बघतात, त्याच्यावर भिस्त असते. 1992 ते 2004 ती एकाच माणसावर होती. मला हे महानपेक्षा कमी वाटत नाही, कदाचित जडच वाटतं.

दुसरा प्रतिसाद :
एक निरीक्षण. तुम्ही वर ध्यानचंदांना आणि बलबीरसिंगांना 'ते' म्हटलंय, श्रीजेशला आणि धनराजला 'तो'. मी खडकीत वाढलो. धनराज तिथलाच, 1968 चा जन्म. आमच्या मैदानावर त्याचा उल्लेख आजही एकेरीच होतो. "धनराज इथून पळत सुटायचा" असं सांगताना म्हातारी माणसं हातातल्या काठीनेच उजवी बाजू दाखवतात. पेपरात 'धनराज पिल्ले यांनी' वाचलं की परक्या माणसाबद्दल वाचल्यासारखं होतं. आपल्याकडे खेळाडूला 'यांनी' नेमकं कधी लागतं? निवृत्त झाल्यावर, की ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं ते कमी झाल्यावर?

मूळ लेखिका :
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वडिलांना विचारलं. त्यांनी ध्यानचंदांना खेळताना कधी पाहिलं नाही, म्हणून ते 'ध्यानचंद'च्या पुढे नेहमी 'मेजर' लावतात. अशोककुमारांचा 1975 चा गोल त्यांनी रेडिओवर ऐकला होता. तो सांगताना म्हणाले, "अशोकने मारला."