बियांपासून तिखट मिरच्या: तुमचे अनुभव लिहा

पाऊस महिन्याभरावर आलाय, मिरचीचं बी टाकायची हीच वेळ. रोपवाटिकेत तयार रोपं मिळतात, पण बहुतेक संकरित. त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तशीच मिरची येईल याचा भरवसा नसतो. लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी, खोला या मिरच्या मात्र लोकांनी बी राखून टिकवल्या. त्या आपल्या परसात, गच्चीवर जगाव्यात असं मला फार वाटतं. कुठलं बी रुजवलं, कसं, काय त्रास झाला, सगळं लिहा.

माझी लवंगी, पुण्यात गच्चीवर. सगळ्यांत निरोगी झाडावरच्या काही मिरच्या तोडायच्याच नाहीत, पूर्ण लाल होऊ द्यायच्या. मग सावलीत सुकवून बी कागदी पाकिटात. रुजवताना कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, बी अर्धा सेंटिमीटर खोल. आठवड्या-दीड आठवड्यात कोंब दिसतात. पाणी फवाऱ्यानेच द्या. माती चिकचिकीत राहिली की रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. पाच-सहा पानांवर मोठ्या कुंडीत हलवते.

काणकोणहून
आमची खोला मिरची डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर होते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गावात सगळ्यांना अभिमान आहे. परसात लावायची तर गादीवाफा उंच करा, मुळाशी पाणी तुंबता कामा नये. सासूबाई बी वेगळं काढतच नाहीत. अख्ख्या सुक्या मिरच्या जपून ठेवतात आणि पेरायच्या दिवशी फोडतात.

नागपूरहून
इकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की फुलं गळणारच. शेडनेट लावा, बुडाशी पाल्याचं आच्छादन करा आणि उन्हं उतरल्यावर पाणी द्या. झाड जगलं तर पावसाळ्यात पुन्हा फुलतं.

डोंबिवलीहून
मी भूत जोलोकिया लावते. २००७ साली गिनेसने जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवलेली, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वरची. हिचं बी लवंगीसारखं पटकन उगवत नाही. महिनाही लागतो, तेव्हा ट्रे रिकामा दिसतो म्हणून उपडा करू नका. ओल्या टिशूत गुंडाळून डबा उबदार जागी ठेवला तर रुजवण चांगली होते. बी काढताना हातमोजे हवेतच. खरा जाळ बियांत नसून बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेलं असतं त्यात असतो. हात लागलाच तर आधी तेल चोळा, मग साबण.
एक विचारायचं होतं: लवंगीशेजारी सिमला मिरची आहे. बी धरलं तर भेसळ होईल का?

न्यू जर्सीहून
इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच पेरावं लागतं. ट्रेखाली हीट मॅट, माती साधारण २७ अंश सेल्सिअसवर, कोंब आले की वर ग्रो लाइट. मेच्या उत्तरार्धात रोपं रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून उन्हावाऱ्याची सवय करायची, मगच वाफ्यात. मिरची बहुवर्षायू आहे हे कळल्यापासून मी थंडीआधी झाड छाटून, कुंडीत भरून घरात घेते. दुसऱ्या वर्षी मिरच्या कितीतरी लवकर लागतात. ठेच्यासाठी भारतवारीची वाट बघावी लागत नाही, याचं सुख फार मोठं आहे.

सांगलीहून
बोकड्याबद्दल, म्हणजे पानं आकसण्याच्या रोगाबद्दल लिहितो, घरच्या मिरच्या त्यानेच जास्त जातात. पानं आकसली की लोक सरसकट एकच औषध मारतात. आधी पान नीट बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी नावाची बारीक कीड. दोन्हींत सुरुवातीलाच लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. पण पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी होऊन झाडच खुंटलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटून टाका, शेजारची वाचतील. रोपं लहान असताना ट्रेवर बारीक जाळी घातली तर हा प्रसंग बराचसा टळतो.

डोंबिवलीच्या ताई, मिरचीचं फूल स्वतःच फळ धरतं, पण मधमाशी शेजारचा पराग आणतेच. यंदाच्या फळाला त्याने काही होत नाही, फरक पुढच्या पिढीत दिसतो. कळी उमलण्याआधी त्या फांदीला पातळ कापडाची पिशवी बांधा, फांदी अधूनमधून हलकेच हलवा. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे बियाची मिरची चुकून आमटीत जाणार नाही.