वासोटा किल्ल्यावर रोज किती माणसं सोडायची?

जावळीकर: रोजचा आकडा ठरवायलाच हवा. वासोटा ज्यात येतो ते कोयना अभयारण्य १९८५ चं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तरी हिवाळ्यातल्या रविवारी बामणोलीच्या बोटींच्या धक्क्यावर जत्रा भरते. गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला वनखातं प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतं, परतताना बाटल्या दाखवल्या की पैसे मिळतात. उत्तम सोय आहे. पण आवाजाची अनामत कोण घेणार? चढाच्या सुरुवातीला ओढ्याकाठी मारुती-गणपती आहेत, तिथंच सगळे डबे सोडतात, स्पीकर लावतात. उन्हाळ्यात त्याच ओढ्यावर गवे पाण्याला येतात.

सह्यभटका, पुणे: किल्ला आमचाही आहे. १८१८ साली इंग्रजांनी तोफा डागून घेतलेला हा गड इतिहास आहे, नुसतं जंगल नाही. उलट गडावर मुक्कामाची परवानगी द्या, म्हणजे एकाच दिवसात धावपळ होणार नाही.

जावळीकर: मुक्काम नकोच. रात्र जनावरांची. चुलीची एक ठिणगी वाळल्या गवतात पडली तर वणवा विझवायला तिथं रस्ता नाही, मध्ये कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. आणि गड बंद करा असं मी कुठं म्हटलंय?

शिवसागरकाठचा: दादा, तुमचं खरं, पण आमचंही ऐका. कोयनेचं धरण झालं, आज्याची भातखाचरं पाण्याखाली गेली. मग अभयारण्य आलं, वरच्या वाड्याही उठल्या. आता बोटीवर घर चालतं. पावसाळ्यात वासोटा बंदच, उरलेल्या महिन्यांतही कमाई शनिवार-रविवारचीच. तिथंच कात्री लावली तर आम्ही पोरं मुंबईला माथाडीला जायची का? जंगल राखायला आम्ही तयार आहोत, पण प्रत्येक वेळी आमच्याच ताटातलं काढून नको.

कराडची ताई: भाऊंचं म्हणणं मला पटतं, आणि तरीही आकडा हवा. तो ठरवताना बोटवाल्यांना बैठकीत बसवा. शनिवार-रविवारची गर्दी आठवड्यात पसरवा, बोटी नंबरानं लावा, प्रत्येक गटाबरोबर गावातलाच वाटाड्या सक्तीचा करा. त्याचे पैसे गटानं द्यायचे. स्पीकर धक्क्यावरच जमा.

शिवसागरकाठचा: वाटाड्याचं चालेल, ताई. पण त्याची फी बोटीच्या भाड्यातून कापणार असाल तर नाही. ती वेगळीच हवी.

सह्यभटका, पुणे: वाटाड्याला पैसे देऊ. मुक्कामावर मात्र मी ठाम आहे.