पियानोवर हळू आवाजात वाजवताना मधलेच सूर गळतात. दोष हाताचा की वाद्याचा?

पांढरी_पट्टी:
88 वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. फोर्टेमध्ये (मोठ्या आवाजात) सगळं ठीक, पण पियानिसिमो (अगदी हळू आवाज) आलं की एखाद-दुसरा सूर उमटतच नाही. जरा जोर दिला तर तोच टणकन वाजतो. शिवाय डाव्या हाताचे कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर) उजव्या हातातली चाल झाकून टाकतात. कुठून सुरुवात करू?

हातोडी:
आवाज जोरावर नाही, पट्टी खाली जाण्याच्या वेगावर ठरतो. खऱ्या पियानोत पट्टी साधारण 10 मिमी खाली जाते. ती तळाला टेकण्याच्या जरा आधी हातोडी सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगानं कापते. वेग कमी पडला की तारेपर्यंत पोचतच नाही, म्हणून सूर गळतो. डिजिटलमध्ये हातोडी तारेवर आदळत नाही, सेन्सर वेग मोजतो. पण हिशेब तोच.

हळू वाजवायचं म्हणून बहुतेक जण पट्टी अर्धवट दाबतात. तसं करू नका. बोट आधीच पट्टीला टेकलेलं हवं, आणि तिथून तळापर्यंत एकसारखा संथ वेग. आधी एक पट्टी इतकी सावकाश दाबा की आवाजच येणार नाही. मग दर वेळी वेग किंचित वाढवा. पहिल्यांदा सूर उमटतो ती तुमची खालची हद्द. ती पाचही बोटांनी वेगवेगळी शोधा, करंगळी आणि अंगठ्यात बराच फरक निघतो. बोट पट्टीवर फार आत गेलं तरी पट्टी जड लागते.

मिडी_मास्तर:
हात की वाद्य, हे तपासता येतं. पियानो यूएसबीने कंप्युटरला जोडा, एकेक पट्टी 20 वेळा सारखीच वाजवून रेकॉर्ड करा आणि व्हेलॉसिटीचे, म्हणजे पट्टी दाबल्याच्या वेगाचे, आकडे पाहा (1 ते 127). सगळ्याच पट्ट्यांवर आकडे विखुरलेले असतील तर हात. एकच पट्टी शेजारणींपेक्षा कायम वेगळी वागत असेल तर तिच्या सेन्सरखाली धूळ असण्याची शक्यता जास्त.

टच सेटिंग 'लाइट'वर असेल तर आधी बदला. त्यात थोड्या वेगालाही मोठा आवाज येतो, तुमचं 'टणकन' बहुधा तेच. 'मीडियम' किंवा 'हेवी' ठेवा.

आणि व्हॉल्यूम फार खाली ठेवू नका. आवाज कमी असला की कानाला खर्ज आणखी कमी ऐकू येतो, मग डावा हात नकळत जोर लावतो.

डावा_हात:
'हेवी'बद्दल जरा सावध. हद्द सापडेपर्यंत 'मीडियम'च बरं, नाहीतर हळू सूर आणखी बारीक होतील.

चाल झाकली जाते त्यावर उपाय: उजवा हात मेझोफोर्टेत (मध्यम मोठ्या आवाजात) वाजवा, डाव्यानं कॉर्ड आवाज न काढता नुसते दाबा. जमलं की डाव्याला जेमतेम ऐकू येईल इतकंच वाढवा, आणि उजवा सगळ्यात शेवटी खाली आणा. लोक दोन्ही हात एकदम हळू करायला जातात, तिथेच फसतं.

आवाज हळू करणाऱ्या डाव्या पेडलवर विसंबू नका. ग्रँडमध्ये (आडव्या पियानोत) ते हातोड्या बाजूला सरकवतं, एका सुराच्या तीन तारांपैकी दोनच वाजतात आणि सुराचा रंगही बदलतो. अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) नुसत्या हातोड्या तारांजवळ आणतं.