मदत हवी आहे: किल्ली तीच, तरी लक्सची डिस्क उघडत नाही

मंडळी,
माझी डेटाची डिस्क लक्स-२ ने (लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) एन्क्रिप्ट केलेली आहे, आत ईएक्सटी-४ फाइलसिस्टीम. बूट होताना पेनड्राइव्हवरच्या की-फाइलने ती आपोआप माउंट व्हायची. पेनड्राइव्हने मान टाकली. किल्लीची ६४ अक्षरं कागदावर होती, ती नॅनो या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करून नवी फाइल केली. तीनदा ताडून पाहिली. तरी डिस्क उघडणाऱ्या क्रिप्टसेटअप कमांडचं एकच पालुपद: 'नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज'. वेगळा पासफ्रेज ठेवलेलाच नाही (हसू नका).

लक्सडंप कमांडला हेडर (डिस्कच्या सुरुवातीचा, किल्ल्यांची माहिती असलेला भाग) दिसतो, स्लॉट ० (किल्लीची पहिली जागा) भरलेला आहे. हेडर दुरुस्त करणारी रिपेअर कमांड चालवू का? एक मित्र एफएसचेक (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) मार म्हणतोय. शिवाय आता बूट दीड मिनिट अडकून इमर्जन्सी मोडमध्ये जातं.

प्रतिसाद:
एफएसचेकचं नावही काढू नका! कुलूप उघडेपर्यंत त्याला तिथे फाइलसिस्टीम दिसणारच नाही. रिपेअरही नको. हेडर वाचता आला, फक्त किल्ली कुठल्याच स्लॉटला लागली नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ. आधी लक्सहेडरबॅकअप घ्या, दुसऱ्या डिस्कवर. जेमतेम १६ एमबीची फाइल होते.

आणि की-फाइल नक्की किती बाइटची आहे?

धागाकर्ता:
बॅकअप घेतला. फाइल ६५ बाइट. अक्षरं तर ६४च आहेत?

प्रतिसाद:
सापडला चोर. नॅनो सेव्ह करताना शेवटी न्यूलाइन (नव्या ओळीचं न दिसणारं अक्षर) चिकटवतो. हाताने टाइप केलेला पासफ्रेज एंटरपाशी संपतो, पण की-फाइल शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी वाचली जाते. ट्रंकेट कमांडने फाइल ६४ बाइटची करा. खरं तर फाइलही नको, पासफ्रेज विचारल्यावर तीच ६४ अक्षरं टाइप करा. लक्सच्या लेखी दोन्ही एकच.

बूटचं म्हणाल तर क्रिप्टटॅब आणि एफएसटॅब (बूट होताना कुठल्या डिस्क उघडायच्या नि माउंट करायच्या, त्यांच्या याद्या), दोन्हीकडे या डिस्कच्या ओळीत नोफेल हा पर्याय लिहा. किल्ली नसली तरी मशीन वर येईल.

धागाकर्ता:
उघडली!! म्हणजे पासफ्रेज कागदावर होताच की. लक्सअ‍ॅडकीने स्लॉट १ मध्ये लक्षात राहील असा दुसराही घातला. आभार.

प्रतिसाद:
मग हेडरचा बॅकअप पुन्हा घ्या. मघाच्या बॅकअपमध्ये स्लॉट १ नाही.