कृष्णवर्णीय लेखक नेमके कोणासाठी लिहीत होते?

प्रश्न : रानजाई

फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन नुकतेच वाचून झाले. शीर्षकपानावर ‘स्वतः लिहिलेले’ असा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तरीही डग्लस यांचा पहिला शब्द येण्याआधी विल्यम लॉइड गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स या दोन गोऱ्या गुलामगिरीविरोधकांनी त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिलेली आहे. ते वाचून मन अस्वस्थ झाले. गुलामगिरीतून निसटलेल्या माणसाला स्वतःचे आयुष्य सांगण्यासाठीही जामीन लागत असेल, तर ते लेखन मुळात कोणाचे आणि कोणासाठी? आमच्या वाचन मंडळात बहुतेकांचे मत असे पडले की, अन्यायाची साक्ष देणे आणि निषेध नोंदवणे हाच अमेरिकेतील कृष्णवर्णीय साहित्याचा हेतू होय. मला हे उत्तर अपुरे वाटते, परंतु त्याचा प्रतिवाद करण्याइतके माझे वाचन नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : जुनी वही

जामिनाची ही प्रथा डग्लस यांच्याही आधीची आहे. फिलिस व्हीटली यांना लहानपणी पश्चिम आफ्रिकेतून पकडून १७६१ साली बॉस्टनला आणून विकण्यात आले. त्यांचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये निघाला, तेव्हा या कविता त्यांच्याच आहेत असे सांगणारे निवेदन त्यात छापावे लागले. त्यावर बॉस्टनमधील १८ प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या आणि त्यांत खुद्द गव्हर्नर थॉमस हचिन्सन होते.

मात्र एवढ्यावरून हे लेखन म्हणजे गोऱ्यांपुढे सादर केलेला पुरावा होता, असे मानू नये. दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली गुलामांचा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी गुलामांना लिहायला शिकवणे हा तेथे गुन्हा ठरला. मालकांच्या या धास्तीमागे अगदी व्यावहारिक कारणही होते. गुलामाला मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर मालकाची चिठ्ठी लागे, आणि ज्याला लिहिता येई त्याला ती स्वतःच तयार करता येई. आपण वाचलेल्या पुस्तकातच याचा दाखला आहे. बाल्टिमोरच्या गोदीत सुतार जहाजाच्या डाव्या बाजूच्या लाकडावर ‘एल’ आणि उजव्या बाजूच्या लाकडावर ‘एस’ लिहीत. ते पाहून डग्लस यांनी पहिली अक्षरे गिरवली आणि उरलेली रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांशी चढाओढ लावून त्यांच्याकडून काढून घेतली. पुढे मेरीलँडमध्ये पळून जाण्याचा बेत ठरला, तेव्हा सोबत्यांसाठी चिठ्ठ्या त्यांनीच लिहिल्या. बेत फुटला आणि सर्वांना बांधून नेले जात असताना एकाने चिठ्ठीचे काय करू असे विचारले, त्यावर ती बिस्किटाबरोबर खाऊन टाक, असे डग्लस यांनी त्याला सांगितले. ज्या कागदाने सुटका व्हायची त्याच कागदाने जीव जाऊ शकत होता. लेखनाचे सामर्थ्य याहून उघड्या स्वरूपात मला अन्यत्र वाचायला मिळालेले नाही.

पुस्तक निघाल्यावरही ही जोखीम संपली नाही. मालकांची आणि गावांची खरी नावे दिल्यामुळे ते विश्वसनीय ठरले, पण त्यामुळेच पुन्हा पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला आणि डग्लस यांना ब्रिटनला जावे लागले.

उत्तर : सांजवारा

वरील विवेचन मोलाचे आहे, तरी रानजाई यांच्या शंकेतील खरी सल त्यात पुरेशी येत नाही, असे मला वाटते. साक्ष देणाऱ्याला काय सांगता येत नव्हते, हेही पाहिले पाहिजे. गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्स उत्तर कॅरोलायनातील ईडन्टन येथे आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ ७ वर्षे लपून राहिल्या. तो माळा ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि सर्वांत उंच जागी ३ फूट होता. म्हणजे इतकी वर्षे त्यांना ताठ उभेही राहता आले नाही. खाली अंगणात स्वतःची मुले खेळताना त्या एका भोकातून पाहत असत, पण त्यांना हाक मारू शकत नव्हत्या. मालकाकडून होणारा लैंगिक छळ त्यांनी १८६१ साली टोपणनावाने मांडला, आणि तोही उत्तरेकडील सभ्य स्त्री-वाचकांची वारंवार क्षमा मागत. एवढे करूनही अनेक अभ्यासक ते पुस्तक दीर्घकाळ कल्पित मानत होते. अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी पत्रे आणि कागदपत्रे शोधून १९८७ साली संपादित आवृत्ती काढली, तेव्हा कुठे ते जेकब्स यांचेच जीवन आणि त्यांचेच लेखन असल्याचे सर्वमान्य झाले.

त्याच वर्षी कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आली. जुन्या आत्मकथनांच्या लेखकांनी वाचक दुरावू नये म्हणून आपल्या अंतर्मनावर पडदा टाकला होता आणि तो दूर करणे हे आपले काम आहे, अशी भूमिका मॉरिसन यांनी एका निबंधात मांडली आहे. या कादंबरीमागे एक खरी घटना आहे. मार्गारेट गार्नर १८५६ साली गुलामगिरी असलेल्या केंटकीतून गुलामगिरी नसलेल्या ओहायोत पळून आल्या होत्या. पकडणारे घराला भिडले, तेव्हा मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ देण्यापेक्षा त्यांनी तिला स्वतःच्या हाताने मारले. वर्तमानपत्रांना आणि न्यायालयाला यातून वादाचा मुद्दा मिळाला. त्या आईच्या मनात शिरणे मात्र कादंबरीलाच शक्य झाले, आणि माझ्या मते रानजाई यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

उत्तर : काठावरचा वड

निषेध हाच हेतू असावा का, यावर या लेखकांमध्येच कडाक्याचे मतभेद होते. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी १९२६ साली लिहिले की, आपले लेखन गोऱ्यांना आवडले तर आनंद आहे, नाही आवडले तरी बिघडत नाही. आणि कृष्णवर्णीय वाचकांच्या पसंतीलाही त्यांनी तोच न्याय लावला. झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ सालच्या कादंबरीत फ्लोरिडातील कृष्णवर्णीयांच्या गावातले प्रेम, थट्टा, भांडणे आणि दुकानाच्या ओसरीवरच्या गप्पा आहेत. कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी तिच्यावर टीका केली की तिला आशयच नाही आणि ती गोऱ्यांच्या करमणुकीसाठी लिहिलेली आहे. मला ही टीका अन्यायाची वाटते. आपल्या माणसांचे हसणे कोणालाही जाब न देता लिहिता येणे हेही स्वातंत्र्यच आहे. हर्स्टन १९६० साली विपन्नावस्थेत वारल्या, त्यांच्या कबरीवर नावही नव्हते. १९७३ साली लेखिका ॲलिस वॉकर यांनी ती जागा शोधून तेथे दगड बसवला.

आपल्याकडचा धागाही जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव व प्रेरणा ब्लॅक पँथर या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडून घेतली. दलित आत्मकथनांकडेही आपण बरीच वर्षे केवळ दुःखाचा दस्तऐवज म्हणून पाहिले आणि त्यांच्या भाषेची, रचनेची चर्चा मागे राहिली. तुमच्या मंडळात हा मुद्दा अवश्य मांडा.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. बिस्किटाचा प्रसंग मी वाचला होता, पण तो लेखनाविषयीचा प्रसंग आहे हे लक्षात आले नव्हते. मंडळासाठी पुढचे पुस्तक जेकब्स यांचे घ्यावे की हर्स्टन यांचे?

सांजवारा

आधी जेकब्स घ्या, आणि वाचताना त्या वाचकाची क्षमा कुठे कुठे मागतात, तेवढ्या जागांवर खुणा करून ठेवा. हर्स्टन त्यानंतर लगेच वाचा.