ग्लोबल गव्हर्नन्स आणि एथिक्स: मराठवाड्यातल्या मुलांनी हे शिकावं का?

मांजराकाठ
माझ्या पुतणीचं राज्यशास्त्रात बी.ए. झालंय. तिला आता ग्लोबल गव्हर्नन्स अँड एथिक्स घेऊन एमएससी करायचंय, म्हणजे सगळ्या जगाला लागू होणारे नियम कोण ठरवतं आणि ते न्याय्य आहेत का, याचा अभ्यास. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये या नावाचा अभ्यासक्रम आहे, एक वर्षाचा. घरातले विचारतात, हे शिकून करणार काय? मला तर वाटतं, हा विषय आपल्याच भागातल्या मुलांनी आधी शिकायला पाहिजे.

साखरेचंच घ्या. २०१९ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१ला निकाल आपल्या विरोधात गेला: उसाला दिलेला आधार १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे जातो आणि निर्यात अनुदान नियमात बसत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव, कारखाना देतो, सरकार नाही, हे आपलं म्हणणं त्यांनी मानलं नाही. त्यानंतर भारताने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९पासूनच बंद आहे, कारण अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. प्रकरण तसंच लटकलं. ज्या एफआरपीसाठी आपण रस्ते अडवतो, तिच्यावर जिनिव्हात, व्यापार संघटनेच्या मुख्यालयात, खटला झाला आणि लातूर-धाराशिवात त्याची चर्चासुद्धा नाही. तो निकाल वाचून शेतकऱ्याला समजावून सांगणारी माणसं आपल्यातूनच तयार व्हायला हवीत.

बालाघाट
साफ असहमत. तुम्ही सांगितलं त्याला व्यापार कायद्याचा वकील लागतो. मुलीला एलएलएम करू द्या, मी टाळ्या वाजवीन. एथिक्स घेऊन येणारी पोरगी ना कोर्टात उभी राहणार, ना कलेक्टर कचेरीत. आणि फी, राहणं, विमान धरून चाळीस-पन्नास लाख. मी बीड जिल्ह्यातला आहे. आमच्याकडं बाई उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन नवऱ्यासोबत कोयत्यावर, ऊसतोडीला जाते, मजूर नेणारा मुकादम हिशोब दाखवत नाही, पाळीचा खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकते. त्यासाठी २०१९ला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हा प्रश्न लंडनचा नाही. कामगार खात्याचा आहे, कारखान्याच्या संचालक मंडळाचा आहे. शिकलेलं लेकरू तिथं भांडायला पाहिजे.

दुधनाकाठची
बालाघाट, तुमच्या उदाहरणानेच सांगते. ती साखर पुढे कोण विकत घेतं? शीतपेयं आणि बिस्किटं करणाऱ्या मोठ्या कंपन्याही घेतात. संयुक्त राष्ट्रांनी २०११मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. माल जिथून येतो तिथल्या हक्कभंगाचीही दखल कंपनीने घ्यायची, असं त्यात आहे. मुकादमाला धरता येत नसेल तर खरेदीदाराला विचारता येतं. पण विचारणाऱ्याला हे ठाऊक तर हवं.

एथिक्स म्हणजे प्रवचन नव्हे, हेही सांगायला हवं. या विषयात एक जुना वाद आहे. पीटर सिंगर यांनी १९७२मध्ये मांडलं की डोळ्यांसमोर बुडणारं मूल वाचवणं कर्तव्य असेल, तर दूर देशात उपाशी मरणाऱ्याला वाचवणंही तितकंच कर्तव्य आहे. अंतराने फरक पडत नाही. थॉमस पोगे यांचा रोख वेगळा. ते म्हणतात, श्रीमंत देश नुसते मदत करायला चुकत नाहीत. गरिबी टिकवणारे नियम ते स्वतः लादतात, म्हणजे ते नुकसान करतात. आपल्या कापूसवाल्यासाठी हा फरक फार मोठा आहे. जगात कापसाचा भाव पाडणाऱ्या अमेरिकेच्या अनुदानाविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत लढला आणि २००५ला अपिलातही जिंकला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे गरीब देश २००३पासून तेच गाऱ्हाणं मांडताहेत. दया मागायची की हक्क मागायचा, हे आधी ठरावं लागतं. मला हा अभ्यास त्यासाठी मोलाचा वाटतो.

बालाघाट
ती २०११ची तत्त्वं बंधनकारक नाहीत, हेही लिहा ना. कंपनी अहवालात दोन पानं छापते, संपलं. आमच्या बाईच्या हातात काय पडतं?

औसेकर
आम्ही किल्लारीच्या भूकंपानंतरचं पाहिलंय, म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३. पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज आलं. त्या कार्यक्रमात लोकसहभागाचा आग्रह होता, आणि घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. सरपंचासमोर तोंड न उघडणाऱ्या बाया इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. बाहेरच्या अटीचा असाही उपयोग होतो. दुसरीकडे नव्या गावठाणांचे लांबरुंद आखीव रस्ते बघा. गोठा कुठं, कडबा कुठं ठेवायचा, हे आखणाऱ्यांनी पुरतं विचारलंच नाही. दूर बसून ठरवणाऱ्याने कुणाला विचारायचं आणि चुकलं तर जबाब कुणाला द्यायचा, हा अभ्यास आमच्या गावांना पुस्तकी वाटत नाही.

आणि एक. ऑगस्ट १९४८मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. १६ सप्टेंबरला पॅरिसला त्यावर चर्चा झाली, १७ला निजाम शरण आला. आपल्या मुक्तीचा विषय जगाच्या टेबलावर होता, तिथं आपल्या बाजूने जाणकार बोलणारं कुणी असणं किती गरजेचं होतं!

गोदातीर
खर्चाचं बोलतो, कारण अडतं तिथंच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी मुलांना सारथी या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. ब्रिटिश सरकारची शेवनिंगही आहे, पण तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ही अट मला फार योग्य वाटते. कर्ज काढून मात्र जाऊ नये. पन्नास लाखांचा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी ऊसतोडीच्या फडात उतरूच शकत नाही, ती पगार देईल तिथं जाते. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर टिसचं, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र तुळजापूरला आहेच. आधी तिथं शिका, दोन-चार वर्षं काम करा, मग लंडन.

मांजराकाठ
गोदातीर, कर्जाचं पटलं. ती आधी दोन वर्षं काम करायला तयार आहे. तुळजापूर करून मग लंडन, हे मात्र मान्य नाही. पुण्या-मुंबईच्या पोरांना कुणी सांगत नाही की आधी गावात राहून दाखवा. आमच्याच मुलींनी पात्रता दोनदा का सिद्ध करायची?

बालाघाट
दोन वर्षं काम करणार असेल तर आमच्याकडं पाठवा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचलीची नोंद, करारावर बाईचं वेगळं नाव, आजाराचे कागद, एवढं तिने एका हंगामात चार गावांत गोळा करावं. खरेदीदार कंपनीला विचारायचं म्हणता ना, त्याला हाच पुरावा लागेल, आणि तो आज कुणाकडंच नीट नाही. माझा विरोध कायम आहे, पण तिची राहायची सोय मी करतो.